शाळेची वाट आणि आपला केसपेपर

मांडीचे हाड मोडलेल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या वडिलांनी मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, आता याची सायकल विकून टाकू ना?" मी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. ते उत्तर आज मला सलते. सायकल गेली, मुलगा मोटारीतून शाळेत जाऊ लागला आणि शाळेच्या फाटकापुढे आणखी एक मोटार वाढली. पायी येणाऱ्या उरलेल्या मुलांना तिला वळसा घालून भररस्त्यात उतरावे लागू लागले.

अशा प्रसंगी 'मूल बघून चालत नाही' असे आपण सहज बोलून जातो. परंतु लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधनाने २०१० मध्ये दाखवून दिले की, ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने समोरून येणारे वाहन जवळ येत आहे, हेच प्राथमिक शाळेतील मुलांना खात्रीने उमगत नाही. दृष्टी निर्दोष असूनही ही क्षमता वयाबरोबरच परिपक्व होते. नुसत्या उपदेशाने ती कशी येणार?

आता वाहनाचा विचार करू. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक आणि चालकाला भान येण्यास एक सेकंद, असे गृहीत धरले तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३ मीटरांत थांबते. ताशी ५० च्या वेगाची मोटार त्या ठिकाणी पोहोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसतो. तिला थांबण्यास सुमारे २८ मीटर लागतात. धडकेतील ऊर्जाही पावणेतीन पट होते. जागतिक रस्ता सुरक्षेच्या २०२० च्या स्टॉकहोम घोषणापत्राने पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ३० ची मर्यादा मागितली, ती उगाच नव्हे.

आपल्या भोपाळने २०१७ मध्ये ५०० सायकलींची सार्वजनिक सेवा सुरू केली आणि होशंगाबाद रस्त्यालगत सायकलमार्गही आखला. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण त्या सायकली प्रौढांच्या मापाच्या होत्या, आणि गल्लीतून शाळेपर्यंतच्या वाटेला त्या मार्गाचा उपयोग नव्हता. पुढे मिसरोद ते बैरागढ या २४ किलोमीटरच्या बीआरटीएस मार्गिका काढण्याचे काम जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. रस्ता रुंद झाला की वाहने वेग घेतात. मधोमध थांबण्यास सुरक्षित दुभाजक नसेल, तर मुलाला तो सारा एका दमात ओलांडावा लागतो. याच मध्य प्रदेशात शासन गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देते. सायकल देणाऱ्याने वाटही द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उपाय महागडे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटीमीटर उंच, सौम्य उताराचा असावा. तो वेग ताशी २५ वर आणतो. आपल्याकडील उंच, अरुंद गतिरोधकांनी वेगापेक्षा पाठीच्या मणक्यांचेच अधिक नुकसान होते, हे आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना सांगायला नको! पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा. फाटकापासून दोन-तीनशे मीटरांवर मोटारी थांबवून तेथून मुलांनी एखाद्या पालकासोबत जथ्याने चालत यावे, हे तर कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर ४०० हून अधिक मुले दगावली, तेव्हा पालकच रस्त्यावर उतरले होते आणि शासनाला हलावे लागले.

असो. आपल्या हाती काय आहे? आपण केसपेपरवर 'रस्ता अपघात' एवढेच लिहितो. कोणता चौक, शाळेचे कोणते फाटक, किती वाजता, मूल पायी होते की सायकलवर, हे लिहीत नाही. महापालिकेकडे गेले की अभियंते नेमके हेच विचारतात. माझ्या दवाखान्यात मी हे चार रकाने वाढवले आहेत. मंडळाच्या सदस्य डॉक्टरांनी आपापल्या नोंदी, रुग्णांची नावे वगळून, पुढील मासिक सभेला आणाव्यात; शहराच्या नकाशावर टाचण्या लावण्याचे काम मी करीन.