घेवडा भिजवू नका

आमच्या बचत गटाच्या रोपवाटिकेत बीजप्रक्रिया म्हणजे आदल्या रात्री बी भिजत घालायचं, असा सरळ हिशेब होता. घरोघरी मटकीला मोड आणणाऱ्या बायका आम्ही. त्यात वावगं काय वाटणार? ओसरीवर वाट्या मांडल्या: कारली, मेथी, धने, श्रावण घेवडा. सकाळी घेवडा टम्म फुगलेला बघून सगळ्या खूश. पुढे मेथी वर आली, घेवड्याच्या वाफ्यात मात्र काही हलेना. शेवटी आमच्यातल्या एका मावशींनी बोटाने माती उकरली. बी बुळबुळीत लागलं, दाबताच आतला लगदा बाहेर आला आणि आंबूस वास सुटला. जी दलं अजून शाबूत होती, ती आडवी तडकलेली.

खापर अर्थातच दुकानदारावर फुटलं. पण त्याच पुडीतलं उरलेलं कोरडं बी कुणीतरी बांधाकडेला टोचलं होतं, ते झकास उगवलं.

घेवडा, वाटाणा यांचं वाळलेलं बी पाणी फार झपाट्याने ओढतं. आतल्या पेशींना तेवढ्या वेगाने सावरता येत नाही. दल तडकतं, त्यातली साखर पाझरते आणि मातीतली बुरशी त्यावर तुटून पडते. मटकीला मोड येतात ते पाणी निथळून, हवेशीर फडक्यात. वाफ्यात आपण वरून आणखी पाणी सोडतो. म्हणून घेवडा कोरडाच, वाफसा आलेल्या जमिनीत टोकायचा.

कारल्याचं नेमकं उलट. त्याचं कवच जाड आणि टणक. नेलकटरने निमुळत्या टोकाकडची कड हलकेच तोडायची, आतल्या पांढऱ्या गराला धक्का लागता कामा नये. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवून ओल्या फडक्यात बांधायचं. या बियाला ऊब हवी, 25 ते 30 अंश. थंडीत पुरचुंडी चुलीच्या आसपास ठेवावी, चुलीवर नव्हे! मोडाचं टोक दिसलं की लगेच पिशवीत लावायचं. मोड लांबला की हाताळताना मोडतोच.

धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. चपलेच्या तळव्याने हलके रगडून दाण्याचे दोन भाग करायचे, मग बारा तास भिजवायचे. जोर जास्त लावला तर भुगा होतो, तो आमटीत घाला.

विकतचं गुलाबी किंवा निळं बी दिसलं तर ते भिजवूही नका, धुऊही नका. तो रंग औषध लावल्याची खूण आहे. धुतलं तर औषध पाण्यात जातं आणि ते पाणी कोंबड्यांच्या तोंडी. उरलेलं बी डाळीच्या डब्याजवळ ठेवायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

टोमॅटो, वांगी, मिरचीची कोवळी रोपं जमिनीलगत पिचून आडवी पडतात. या मर रोगासाठी साध्या, औषध न लावलेल्या बियाला किलोमागे 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) चोळायचा. परसबागेतल्या चमचाभर बियाला चिमूटभराहून कमीच पुरतो. पण वाफ्यात पाणी साचत असेल तर ट्रायकोडर्मा बिचारा काय करील? गादीवाफा उंच घ्या, बी दाट पेरू नका आणि संध्याकाळी उशिरा पाणी घालायची सवय सोडा.

कोबीच्या घाण्या रोगासाठी बी 50 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. रोगाचे जिवाणू बियातूनही येतात, म्हणून हा उपाय चांगला आहे. पण थर्मामीटर असेल तरच. बोट बुडवून अंदाज घेणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, चार-पाच अंश वर गेले तरी बी मरतं. जुनं बी तर हा ताप सोसतच नाही.

शेंगवर्गीय भाज्यांना रायझोबियमचे जिवाणू लावताना क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर जिवाणू. एकाच घमेल्यात सगळं कालवलं तर औषध जिवाणूंनाच मारतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, 10 किलो बियाला 250 ग्रॅमचं पाकीट त्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं आणि बी सावलीत सुकवायचं. उन्हात पसरलं की जिवाणू गेले. पाकिटावरची मुदत आणि पिकाचं नाव वाचा. वाटाण्याचं रायझोबियम चवळीला चालत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी दहा-वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून बघा. कांद्याचं बी तर वर्षभरातच दम सोडतं. निम्म्याहून कमी उगवलं तर औषधावर पैसे घालू नका, नवी पुडी आणा.