रजयांचे परीक्षण : टाका आणि हात

अमेरिकेच्या ग्रामीण जीवनात परगण्याच्या वार्षिक जत्रेला मानाचे स्थान आहे. १८१० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातील बर्कशायर परगण्यात शेतीसुधारणेच्या हेतूने अशा जत्रा भरू लागल्या, आणि उत्तम जनावरांबरोबरच स्त्रियांनी घरी विणलेल्या कापडालाही बक्षिसे मिळू लागली. हीच प्रथा पुढे रजयांपर्यंत पोहोचली. आज तेथील लहानमोठ्या गावांतून रजयांची स्वतंत्र प्रदर्शनेही भरतात.

दर्शनी कापड, मधला भराव आणि खालचे अस्तर असे तीन थर धावत्या टाक्यांनी एकजीव केले की रजई तयार होते. दर्शनी भाग बहुधा चौकोन, त्रिकोण व चांदण्या यांच्या आकारात कापलेले तुकडे जोडून बनवितात. महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही याच कुळातील वस्त्रे होत. मात्र घरातल्या गोधडीला गुण देण्याचा प्रसंग सहसा येत नाही; प्रदर्शनातील रजईला तो येतो.

परीक्षणाच्या वेळी रजई मेजावर पसरतात, किंवा पांढरे हातमोजे घातलेले दोन मदतनीस ती उभी धरतात. करणाऱ्या स्त्रीचे नाव झाकलेले असते. परीक्षक प्रथम दुरून पाहतो. रंगांचा मेळ, आकृत्यांची मांडणी आणि एकंदर परिणाम यांचा अंदाज दुरूनच येतो. त्यानंतर तो जवळ जाऊन कारागिरी तपासतो आणि शेवटी रजई उलटून पाहतो. काही ठिकाणी प्रत्येक गुणासाठी ठरावीक अंक देतात. काही ठिकाणी एकेक रजई पाहून ती स्पर्धेत ठेवावी की बाजूला काढावी एवढेच ठरवितात आणि उरलेल्यांतून क्रम लावतात. दुसऱ्या पद्धतीत रजयांची परस्परांशी तुलना अधिक सहज होते.

कारागिरीच्या कसोट्या बऱ्याच निश्चित आहेत. चांदणीचे टोक शिवणीत दबता कामा नये. जोडाच्या ठिकाणी चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत मिळावेत. गडद कापडाची शिवण फिक्या कापडाखालून दिसू नये. हाताने घातलेले टाके इंचाला आठ-दहा असले तर काम चांगले समजतात. तथापि संख्येपेक्षा टाक्यांचा सारखेपणा महत्त्वाचा. एका भागात दाट आणि दुसऱ्या भागात विरळ टाके पडले, तर रजई कोठे आकसते, कोठे फुगते आणि सपाट पडत नाही. कडेच्या पट्टीत भराव शेवटपर्यंत पोहोचलेला असावा आणि कोपरे काटकोनात असावेत. आखणीच्या पेन्सिलीची रेघ, लोंबता दोरा किंवा पाळीव मांजराचा केस एवढ्यानेही चांगल्या कामाला उणेपणा येतो.

परीक्षकाचा अभिप्राय शेजारी बसलेला लेखनिक टिपून घेतो. त्यात आधी गुण आणि मग सुधारणेची जागा सांगण्याचा संकेत आहे. बोलावयाचे असते ते रजईविषयी, करणारीविषयी नव्हे. ‘पट्टीचा कोपरा काटकोनात हवा’ एवढे पुरेसे असते. बक्षीस एकीलाच मिळते. अभिप्राय मात्र प्रत्येकीला मिळतो आणि पुढच्या वर्षीच्या रजईत त्याचा उपयोग होतो.

इतकी काटेकोर पद्धती असूनही तिची एक मर्यादा आहे. परीक्षकाला टाका दिसतो, हात दिसत नाही. १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स, रोबक या व्यापारी कंपनीने रजयांची राष्ट्रीय स्पर्धा योजली. मंदीचा तो काळ होता. पहिले बक्षीस १,००० डॉलरचे होते. सुमारे २४,००० रजया आल्या. स्थानिक फेऱ्या, मग प्रादेशिक फेऱ्या असे करीत निवडक रजया शिकागोला गेल्या. केंटकी राज्यातून आलेल्या, चांदण्यांची नक्षी असलेल्या रजईला पहिले बक्षीस मिळाले आणि ती राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. अनेक वर्षांनंतर संशोधनातून उघड झाले, की जिच्या नावाने ती पाठविली होती तिने तिच्यात एकही टाका घातला नव्हता. काम मोलाने करणाऱ्या इतर स्त्रियांचे होते. बक्षिसातील वाटा त्यांना मिळाला नाही. आणि हातचे काम जाईल या भीतीने त्यांनी तोंडही उघडले नाही.

परीक्षकांनी टाके पारखण्यात चूक केली, असे म्हणता येणार नाही. रजई खरोखरच उत्कृष्ट होती. अन्याय मेजावर नव्हे, तर प्रवेशपत्रावर झाला होता. आजच्या अनेक प्रदर्शनांत म्हणूनच एकटीने केलेले, दोघींनी केलेले आणि गटाने केलेले काम असे वेगळे वर्ग असतात. तुकडे एकीने जोडले आणि टाके दुसरीने घातले, तर दोघींची नावे नोंदवावी लागतात. मोल देऊन काम करवून घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते करणारीचे नाव पुसण्यात.

परीक्षणाच्या वेळी नाव झाकलेले असणे हा निःपक्षपातीपणाचा पाया होय. परंतु निकाल लागल्यावर जे नाव उघडावयाचे, ते खरे आणि पूर्ण असले पाहिजे. तसे नसेल, तर कितीही बारकाईने केलेले परीक्षण कापडाला न्याय देईल. ज्या हातांनी ते शिवले, त्यांना नाही.