सामूहिक नाट्य, आत्मकथन आणि लेखणी : 'सिस्ट्रेन' या जमैकन नाट्यसंघाच्या संदर्भात

१

स्त्रियांच्या आत्माविष्काराविषयी लिहिताना मराठी समीक्षेत 'दुःखाला वाचा फुटणे' हा वाक्प्रचार वारंवार येतो. या वाक्प्रचारात एक गृहीतक दडलेले आहे. सांगायचे ते मनात आधीच पूर्ण रूपात सिद्ध असते, त्याला वाट मिळण्याचाच काय तो अवकाश असतो, असे तो सुचवतो. एकटीने लिहिणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते कदाचित चालून जाईल. एकत्र येऊन नाटक रचणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. तेथे प्रसंग सांगणारी एक, तो करून दाखवणारी दुसरी, 'असे नव्हे, असे' म्हणून दुरुस्ती सुचवणारी तिसरी आणि अखेर कागदावर उतरवून घेणारी चौथी असते. मूळ अनुभव इतक्या हातांतून जाताना बदलतो. आणि जिने तो सांगितला तिलाही तो बहुधा पहिल्यांदाच पुरता दिसतो.

या प्रक्रियेचा विचार करण्यासाठी जमैकातील 'सिस्ट्रेन' या नाट्यसंघाचा दाखला विशेष उपयुक्त ठरतो. एक तर या संघाने नाटके केली आणि पुढे आपल्या सदस्यांची आत्मकथनेही ग्रंथरूपाने आणली. म्हणजे रंगमंच आणि पुस्तक या दोन्ही माध्यमांतून एकाच समूहाचे बोलणे तपासता येते. दुसरे असे, की संघातील अंतर्विरोधांची चिकित्सा त्याच्या संस्थापक मार्गदर्शिकेनेच केली आहे. चळवळीतील साहित्याचा गौरव सर्वत्र होतो, त्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडते.

२

१९७७ साली मायकेल मॅन्ली यांच्या सरकारने चालवलेल्या विशेष रोजगार योजनेत किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील अनेक स्त्रिया काम करीत होत्या. त्यांपैकी काहीजणींना शाळांमध्ये साहाय्यक म्हणून काम करण्याचे प्रशिक्षण मिळाले होते. त्या वर्षीच्या कामगार सप्ताहात एखादे नाटुकले सादर करावे म्हणून या स्त्रिया जमैका स्कूल ऑफ ड्रामाकडे मदत मागायला गेल्या. तेथे अध्यापन करणाऱ्या ऑनर फोर्ड-स्मिथ यांनी त्यांना नाटक कशाविषयी करायचे आहे, असे विचारले. उत्तर मिळाले ते बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या हालांविषयी आणि पुरुषांकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयी. विषय बाहेरून दिला गेला नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात महत्त्वाची आहे.

'सिस्ट्रेन' म्हणजे भगिनी. 'ब्रेदरेन' या बंधुवाचक जुन्या अनेकवचनाच्या जोडीचा हा शब्द आहे. त्यांच्या पहिल्या नाटकाचे नाव होते 'डाउनप्रेशन गेट अ ब्लो'. कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया संघटना बांधू पाहतात, हा त्याचा विषय. या शीर्षकातील पहिला शब्द रास्ताफारी पंथीयांच्या बोलीतला आहे. इंग्रजीतील 'ऑप्रेशन' या दडपशाहीवाचक शब्दाच्या आरंभी कानाला 'अप', म्हणजे 'वर', असे ऐकू येते. जे माणसाला खाली दाबते त्याला 'वर' कसे म्हणावे, म्हणून या बोलीने तो शब्दच उलटवून 'डाउनप्रेशन' केला. आपल्या पहिल्याच नाटकासाठी या स्त्रियांनी शाळेतल्या भाषेऐवजी रस्त्यावरची भाषा निवडली. भाषेचा हा प्रश्न पुढे पुस्तकाच्या वेळी अधिक तीव्रपणे उभा राहिला.

३

'सिस्ट्रेन'च्या कार्यपद्धतीचा खरा परिचय होतो तो १९७८ च्या 'बेलिवूमन बँगरँग' या नाटकातून. जमैकन बोलीत 'बेलिवूमन' म्हणजे गरोदर बाई आणि 'बँगरँग' म्हणजे गोंधळ, हलकल्लोळ. मराठीत 'पोटुशीचा गलबला' असे म्हटले तर मूळ शीर्षकातील रांगडेपणा बराचसा टिकतो. कोवळ्या वयात गरोदर राहिलेल्या चार मुलींची ही कहाणी आहे. ती सदस्यांच्या स्वतःच्या आठवणींतून रचली गेली. त्यांच्यापैकी अनेकजणी लहान वयातच आई झाल्या होत्या.

आठवणी गोळा करण्याची त्यांची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. संघातील काहीजणींना लिहिणे-वाचणे बेताचेच येत होते. आधी संहिता, मग पाठांतर, मग तालीम हा नेहमीचा क्रम त्यामुळे त्यांच्या उपयोगाचा नव्हता. येथे क्रम उलटला. आधी सांगणे, मग करून पाहणे, त्यातून उभे राहिलेले प्रसंग पक्के करणे, आणि संहिता सर्वांत शेवटी. सांगण्याला चालना देण्यासाठी बालपणीच्या खेळांचा आणि कोड्यांचा आधार घेतला गेला. फेर धरून गाण्याचे मुलींचे खेळ जमैकात घरोघरी रुजलेले आहेत. ते नाटकात केवळ रंजनासाठी आले नाहीत. त्यांनी प्रसंगांना सांधण्याचे काम केले.

मराठी वाचकाला येथे भोंडल्याची किंवा हादग्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भोंडल्याच्या गाण्यांतही सासरच्या जाचाविषयीचे बोलणे खेळाच्या आडोशाने होते. ते गाणे कोणा एकीचे नसते, म्हणून त्यातली तक्रारही कोणा एकीच्या माथी येत नाही. फेरातली प्रत्येकजण ती म्हणते आणि म्हणूनच कोणालाही जाब विचारता येत नाही. लोकपरंपरेने मुलींना दिलेले हे संरक्षण आहे. पण त्याला मर्यादाही आहे. सासू, नणंद, दीर हे तेथे साचे असतात. गाणारीची स्वतःची सासू त्या साच्याबाहेर डोकावत नाही. 'सिस्ट्रेन'ने खेळाचा हा आडोसा ठेवला, मात्र त्याच्या आत साच्याऐवजी नेमका अनुभव आणून बसवला.

या नाटकाच्या गाभ्याशी पुरुषांचा दुष्टपणा असेल अशी अपेक्षा करणाऱ्याला थोडा धक्का बसतो. अत्याचार त्यात आहेच. परंतु नाटकाला अधिक अस्वस्थ करते ते आईचे मौन. मुलगी वयात येते तेव्हा आई तिला धाक घालते, मारते, पण शरीरात काय घडते आहे ते सांगत नाही. या मौनाची किंमत मुलगी मोजते आणि पुढे आई झाल्यावर तेच मौन पाळते. सर्व भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, स्त्रियाच करीत असल्याने येथे एक विलक्षण गोष्ट घडते. आईची भूमिका करणारी नटी स्वतः अशाच घरात मुलगी म्हणून वाढलेली आहे. ज्या हाताचा मार तिने खाल्ला तो हात तिला स्वतःच्या खांद्यावर बसवून उगारावा लागतो. असे करताना आईला निर्दोष ठरवणे शक्य नसते आणि तिला केवळ दोषी ठरवणेही अवघड होते. कथनात सांगणारीला एकच बाजू घेता येते. भूमिकेत शिरताना ती बाजू सुटते. या स्त्रियांच्या बोलण्याला केवळ तक्रारीपलीकडचा आशय लाभला तो या घटनेमुळे, असे मानावयास जागा आहे.

दुसऱ्या बाजूनेही हाच विचार करता येतो. आपला प्रसंग दुसरी स्त्री करून दाखवते तेव्हा मूळ सांगणारी प्रेक्षक होते. जे तिला निव्वळ आपले नशीब वाटत होते ते चारचौघींच्या समोर घडताना दिसते, आणि त्यात काय बदलता आले असते हा प्रश्न प्रथमच संभवतो. मुख्य म्हणजे प्रयोगाच्या वेळी कोणती आठवण कोणाची, हे बाहेरच्या प्रेक्षकाला कळत नाही. ज्या समाजात एका मुलीची बदनामी साऱ्या घराला पुरते तेथे ही अनामिकता चैनीची वस्तू नव्हे.

संघाची नंतरची नाटकेही महत्त्वाची आहेत. 'नाना याह्' (१९८०) या नाटकात गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या मरून समाजाची नायिका नॅनी आली, तर 'क्यूपीएच' (१९८१) हे किंग्स्टनमधील अनाथ-वृद्धाश्रमाला २० मे १९८० रोजी लागलेल्या आगीवर आधारलेले होते. त्या आगीत दीडशेच्या आसपास वृद्धा मरण पावल्या. या नाटकांचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने १९८६ चे पुस्तक अधिक जवळचे आहे.

४

'लायनहार्ट गॅल' हे ते पुस्तक. लंडनच्या 'विमेन्स प्रेस'ने ते प्रसिद्ध केले. जमैकन स्त्रियांच्या जीवनकथा असे त्याचे उपशीर्षक आहे. संघाच्या कामाची नोंद ठेवावी या हेतूने सुरू झालेला हा उद्योग सदस्यांच्या मुलाखतींकडे वळला. फोर्ड-स्मिथ यांनी प्रत्येकीला तीन गोष्टी विचारल्या : बाई म्हणून आपण दबलेलो आहोत हे प्रथम केव्हा जाणवले, त्या जाणिवेचा आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि ते बदलण्यासाठी काय केले. या प्रश्नांकडे बारकाईने पाहिले असता ध्यानात येते की ते निरागस नाहीत. जाणीव, परिणाम आणि प्रतिकार अशी एक कथारचना त्यांत आधीच आखलेली आहे. जिच्या आयुष्यात तिसरा टप्पा आलाच नसेल तिने काय सांगावे? रंगमंचावरील प्रसंग अर्धवट सोडून देता येत होता. पुस्तकातील जीवनकथेला मात्र या तीन प्रश्नांनी शेवट नेमून दिला.

असे असूनही पुस्तक साचेबंद झाले नाही, याचे श्रेय भाषेला द्यावे लागते. बहुसंख्य कथने जमैकन बोलीत, म्हणजे 'पॅटवा'त आहेत. इंग्रजी राजभाषा असलेल्या या देशात पॅटवा ही मोडकी इंग्रजी म्हणून हिणवली जात आली. लुईस बेनेट यांनी अनेक दशके तिच्यात कविता रचून तिला प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु ती मुख्यतः विनोदाची, सादरीकरणाची भाषा मानली जाई. संपूर्ण आयुष्याचे गंभीर गद्य कथन तिच्यात छापणे हे धाडसच होते. संघातील शिक्षित मध्यमवर्गीय सदस्यांची कथने मात्र प्रमाण इंग्रजीत आहेत. ती त्यांनी लेखनातून सिद्ध केली, तर इतरांची ध्वनिमुद्रित बोलण्यातून सिद्ध झाली. एकाच ग्रंथात बोललेली आणि लिहिलेली अशी दोन प्रकारची पाने शेजारी आहेत, आणि त्यांच्यामधील सीमारेषा हीच त्या समाजातील वर्गरेषा आहे. संपादनाने ही रेषा पुसली नाही, याची नोंद घेतली पाहिजे. सर्व कथने एका भाषेत आणली असती तर पुस्तक अधिक एकसंध झाले असते आणि कमी खरे.

नाटकाकडून पुस्तकाकडे येताना काय हरवले? फेर हरवला. रंगमंचावर जे 'आमचे' होते ते पुस्तकात पुन्हा एकेकीचे झाले. टोपणनावे घेऊन अनामिकता राखली गेली, तरी वाचक एका वेळी एकाच स्त्रीचे ऐकतो, आणि त्या स्त्रीशेजारी तिला अडवणारी, दुरुस्त करणारी कोणी नसते. तिच्याजवळ उरते ती फक्त संपादिका.

५

येथे लेखणीच्या हक्काचा प्रश्न येतो. ग्रंथाच्या कर्तृत्वाची नोंद संघाच्या नावे असून संपादक म्हणून ऑनर फोर्ड-स्मिथ यांचे नाव सोबत आहे. ही तडजोड प्रामाणिक आहे. परंतु तिने प्रश्न सुटत नाही. १९८९ मध्ये फोर्ड-स्मिथ यांनी संघाच्या १९७७ ते १९८८ या काळाचा अभ्यास 'रिंग डिंग इन अ टाइट कॉर्नर' या नावाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी देणगीदार संस्थांचा दबाव आणि संघांतर्गत लोकशाही यांची परखड तपासणी केली आहे. संघ कागदोपत्री समानांचा होता. पण अर्ज, अहवाल आणि हिशेब लिहावे लागतात ते प्रमाण इंग्रजीत. साहजिकच ज्यांना ते लिहिता येते त्यांच्या हाती निर्णय एकवटतात. तालमीच्या जागेत सर्वाधिक अधिकार अनुभव सांगणारीला होता, कचेरीत तो लिहिणारीकडे गेला. नाटकाने मिळवलेली वाचा अहवालाच्या भाषेपुढे पुन्हा अडखळली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मराठीतील तीन कृतींशी तुलना केली तर या प्रश्नाचे वेगवेगळे पैलू दिसतात. स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' (१९८३) हे नाटक ज्योती म्हापसेकर यांनी लिहिले आणि कार्यकर्त्या स्त्रियांनी त्याचे प्रयोग गावोगावी नेले. तेथे संहितेचे कर्तृत्व स्पष्ट आहे. सामूहिकता प्रयोगात आणि प्रसारात आहे. कर्तृत्वाचा वाद तेथे उद्भवत नाही, परंतु नटीच्या स्वतःच्या आठवणीला संहितेत शिरकावही मर्यादितच राहतो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 'लायनहार्ट गॅल'प्रमाणेच १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. हे लेखन त्यांनी कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. समूहाचा आधार नसलेले, एकटीने चोरून केलेले हे लेखन. आणि तरीही त्यातील निवेदन 'मी'पेक्षा 'आम्ही'चे आहे. म्हणजे समूहात रचलेले कथन पुस्तकात एकेकीचे झाले, आणि एकांतात लिहिलेले कथन साऱ्या वस्तीचे झाले. सामूहिक निर्मितीतूनच सामूहिक आवाज येतो, हे समीकरण निदान या दोन कृतींपुढे टिकत नाही.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मुलाखतींवर आधारलेले असल्याने पद्धतीने 'लायनहार्ट गॅल'ला अधिक जवळचे आहे. मात्र तेथे मुलाखत घेणाऱ्या दोघीही दलित समाजातून आणि त्याच चळवळीच्या वारशातून आलेल्या आहेत. सांगणारी आणि लिहिणारी यांच्यातील अंतर त्यामुळे वर्गाचे कमी आणि पिढीचे जास्त आहे. दुसरे असे, की तेथील स्त्रिया आपापल्या खऱ्या नावांनी उभ्या आहेत. आंबेडकरी चळवळीतील सहभाग ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट होती, लपवण्याची नव्हे. किंग्स्टनमधील अल्पवयीन मातेला ती सोय नव्हती. टोपणनाव घ्यावे की खरे, हा निर्णय वाङ्मयीन नसून सांगण्याच्या विषयावर ठरतो, एवढे तरी या तुलनेतून स्पष्ट व्हावे.

राहता राहिला समीक्षकाच्या भाषेचा प्रश्न. जमैकन समीक्षक कॅरोलिन कूपर यांनी १९८९ मध्ये 'लायनहार्ट गॅल'वर एक लेख लिहिला. लेखाचा आरंभ विद्यापीठीय इंग्रजीत आहे. परंतु कथनांच्या प्रत्यक्ष विश्लेषणाशी येताच त्या पॅटवाकडे वळतात आणि समीक्षेचा युक्तिवाद त्याच बोलीत करतात. कथन करणाऱ्या स्त्रीची भाषा अवतरणचिन्हांत बंदिस्त करून तिच्याविषयी वरून प्रमाण भाषेत बोलायचे, ही आपल्याकडेही रुळलेली रीत त्यांनी त्या लेखापुरती मोडली. 'जिणं आमुचं'वरील प्रबंधांतून बेबी कांबळे यांची बोली आजवर उदाहरण म्हणूनच येत आली आहे. युक्तिवादाची भाषा म्हणून ती वापरून पाहणे अद्याप बाकी आहे.