वाकोदचा शेतकरी उद्योजक : भवरलाल जैन



आपल्या इंदूरहून खंडव्यामार्गे बुरहानपूरकडे जाताना केळीच्या बागा लागतात. त्या बागांत जमिनीवर काळ्या बारीक नळ्या अंथरलेल्या दिसतात. त्यांतून पाणी वाहत नाही, थेंबाथेंबाने ठिबकते. ही पद्धत शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या भवरलाल जैन यांची ओळख आज करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या लेण्यांजवळ वाघूर नदीकाठी वाकोद नावाचे गाव आहे. तेथे १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलालजींचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज मूळचे राजस्थानातील जोधपूर भागातले. पाण्याच्या दुर्भिक्षामुळे ते गाव सोडून खानदेशात आले आणि शेती करू लागले. पाण्यासाठी स्थलांतर केलेल्या घराण्यातील मुलाने पुढे पाण्याच्या बचतीलाच आयुष्य वाहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाणिज्य आणि कायदा या विषयांचे शिक्षण घेऊन ते राज्य सेवा परीक्षा उत्तीर्ण झाले. सरकारी अधिकाऱ्याची खुर्ची समोर होती. त्या काळात खेड्यातल्या कुटुंबाला याहून मोठे भाग्य ते कोणते वाटणार? पण आईच्या सल्ल्याने त्यांनी नोकरी नाकारली आणि शेतीशी जोडलेला व्यवसाय करायचे ठरवले.

सात हजारांचे भांडवल

कुटुंबाच्या शिलकीतील सुमारे ७,००० रुपये घेऊन १९६३ साली त्यांनी रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली. कायद्याचा पदवीधर रॉकेल विकतो, याची त्यांना लाज वाटली नाही. पुढे बियाणे, खते, कीटकनाशके, पाइप अशा शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी त्यांनी मिळवल्या. मुळात शेतकऱ्याच्या घरातले असल्याने गिऱ्हाइकाची अडचण त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

१९७८ मध्ये त्यांनी बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेतला. त्यात भुकटीऐवजी ‘पपेन’ तयार करायचे ठरवले. कच्च्या पपईवर हलके ओरखडे काढले की पांढरा चीक गळतो. तो सुकवून, शुद्ध करून जी पाचक भुकटी मिळते ती पपेन. औषधांत आणि खाद्यपदार्थांच्या उद्योगांत तिला मागणी असते. शेतकऱ्याकडून चीक विकत घ्यायचा आणि शुद्ध पपेन परदेशी पाठवायचे, असा हा व्यवहार होता. त्यानंतर पी. व्ही. सी. पाइपांचे उत्पादन सुरू झाले.

थेंबाचे गणित

आधुनिक ठिबक सिंचनाचा पाया इस्राएलमध्ये घातला गेला. तेथे १९६५ पासून एका कंपनीने ते व्यापारी स्वरूपात आणले. भवरलालजींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावात ठिबक संचांचे उत्पादन सुरू केले.

पाट किंवा सरीने मोकाट पाणी दिले तर निम्म्याहून अधिक पाणी झिरपण्यात व बाष्पीभवनात वाया जाऊ शकते. ठिबकमध्ये ते थेट मुळांशी पोचते. एक साधे उदाहरण घ्या. एका तोटीतून तासाला ४ लिटर पाणी पडते. केळीच्या खोडापाशी अशा दोन तोट्या असतील आणि संच दोन तास चालला, तर झाडाला १६ लिटर पाणी मिळते. तेवढेच, मोजून.

पण शेतकऱ्याला हे पटणे सोपे नव्हते. वाफा भरून पाणी दिसल्याशिवाय पीक प्यायले असे त्याला वाटत नसे. नळीखाली वीतभर ओल पाहून तो घाबरे. शिवाय पाण्यातल्या गाळाने आणि क्षारांनी तोट्या बंद पडत. म्हणून नुसता माल विकून भागत नव्हते. शेतावर जाऊन आखणी करणे, गाळणी बसवणे, प्रात्यक्षिक दाखवणे हेही धंद्याचेच काम ठरले. शासनाच्या अनुदानाचीही मदत झाली. पुढे ऊतिसंवर्धित केळीची रोपे, फळांचा गर, वाळवलेला कांदा असे उद्योग जोडले गेले. शेतकऱ्याला रोपही तेथूनच मिळू लागले आणि काही पिकांना हक्काचे गिऱ्हाईकही तेथेच मिळाले.

चूक आणि कबुली

१९९० च्या दशकात यशाच्या भरात कंपनी वित्तव्यवसाय, माहिती तंत्रज्ञान अशा, शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत उतरली. मोठा तोटा झाला. भवरलालजींनी दोष बाजारावर किंवा नोकरांवर ढकलला नाही. त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली, ते व्यवसाय सोडले, बाहेरून भांडवल घेतले आणि पुन्हा शेतीकडेच वळले. कंपनी सावरली. परीक्षेत चुकलेले उत्तर लपवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रसंग दोनदा वाचावा.

सन्मान आणि अखेर

१९९७ मध्ये अमेरिकेतील सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार आणि २००८ मध्ये ‘पद्मश्री’ त्यांना मिळाली. २००७ मध्ये त्यांनी जळगावात ‘अनुभूती’ ही निवासी शाळा सुरू केली. महात्मा गांधींच्या विचारांवरील ‘गांधीतीर्थ’ २०१२ मध्ये खुले झाले. पत्नी कांताबाई यांच्या सहजीवनावर त्यांनी ‘ती आणि मी’ हे मराठी पुस्तक लिहिले.

हृदयविकार अनेक वर्षे त्यांच्या सोबतीला होता, तरी काम थांबले नाही. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जळगावजवळची उजाड टेकडी त्यांनी माती अडवून, पाणी जिरवून हिरवी केली होती. त्याच जैन हिल्सवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या पश्चात, २०१९ मध्ये कंपनी पुन्हा कर्जाच्या संकटात सापडली आणि २०२२ मध्ये कर्जांची पुनर्रचना करावी लागली. मोठ्या माणसाने उभारलेले कामही पुढच्यांनी रोज सांभाळावे लागते. पालकांनी आणि संस्थाचालकांनीही याचा विचार करावा.

स्वाध्याय

१. भवरलालजींनी सरकारी नोकरी का नाकारली असावी? तुम्ही काय केले असते? घरी चर्चा करा.
२. एका बागेत १,५०० केळी आहेत. वरच्या उदाहरणाप्रमाणे एका वेळी किती लिटर पाणी लागेल?
३. घरातील गळक्या नळाखाली एक तास भांडे ठेवा. जमलेले पाणी मोजून दिवसाचा हिशेब वर्गात सांगा.
४. आपली एखादी चूक आपण कोणाजवळ कबूल केली होती? पाच ओळी लिहा.