बिनतारी यंत्रांच्या ‘ड्रायव्हर’ची निगा

शहापूर व मुरबाड तालुक्यांत, माहुलीच्या पायथ्याशी वा माळशेजच्या कुशीत विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तार नेणे खर्चाचे व जिकिरीचे असते. अशा भूभागास बिनतारी जोडणी सोयीची. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघर परिसरात मुंबईच्या आयआयटीने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवर तसा प्रयोग केला. त्यासाठीची उपकरणे लिनक्सवर आधारित ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या मुक्त प्रणालीवर चालत.

प्रणालीचा गाभा आणि रेडिओची चिप यांमधील दुभाष्या म्हणजे ‘ड्रायव्हर’. तो एकदाच लिहून भागत नाही, कारण गाभ्याची अंतर्गत रचना वरचेवर बदलते. ड्रायव्हर मूळ संहितेत समाविष्ट असल्यास, रचना बदलणाऱ्यानेच तोही दुरुस्त करावा, असा तेथील दंडक आहे. बाहेर राहिलेला ड्रायव्हर मात्र मागे पडतो आणि नव्या आवृत्तीवर धडधाकट यंत्रही मुके होते.

लांब पल्ल्याचा पेच वेगळाच. लहरीस एक किलोमीटर जाण्यास सुमारे 3.3 मायक्रोसेकंद लागतात. पोच परतण्यासही तितकेच. यंत्राने तेवढी वाट पाहिली नाही, तर तीच माहिती पुनःपुन्हा पाठविली जाते. एथेरॉसच्या चिपांचा ‘एथ9के’ हा ड्रायव्हर 2008 मध्ये गाभ्यात आला. अंतरानुसार ही मुदत वाढविण्याची सोय त्यात पुढे झाली.