मल्टिपल स्क्लेरोसिस : ओळख आणि उपचारांची निवड

एका डोळ्याने अंधुक दिसू लागावे, डोळा हलवताना दुखावे आणि काही आठवड्यांत दृष्टी पूर्ववत व्हावी. वर्षभराने एक पाय मुंग्या येऊन जड पडावा आणि तोही आपोआप सुधारावा. कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावसारख्या गावात या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. पहिल्या वेळी चष्मा बदलला जातो, दुसऱ्या वेळी अशक्तपणावरचे इंजेक्शन घेतले जाते. तथापि, ही दोन्ही लक्षणे मल्टिपल स्क्लेरोसिस या एकाच विकाराची असू शकतात. हा विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु वेळीच ओळख पटल्यास त्याला बराच आवर घालता येतो.

विकाराचे स्वरूप

विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या चेता यांतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते. आवरण झडले की संदेशवहन मंदावते किंवा खंडित होते आणि त्या जागी कठीण व्रण उरतो. पॅरिस येथील वैद्य शार्को यांनी 1868 मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

विकाराची सुरुवात बहुधा 20 ते 40 या वयात होते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. 2020 मधील अंदाजानुसार जगात सुमारे 28 लाख रुग्ण होते. भारतात तो फारच विरळ आहे, असा एके काळी समज होता. मात्र डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजाची पाहणी केली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 26 रुग्ण आढळले. एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग हे विकाराचे एक महत्त्वाचे कारण असावे, असा सबळ पुरावा 2022 मध्ये अमेरिकेत मिळाला. तरीही हा विकार एका रुग्णापासून दुसऱ्यास होत नाही, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे.

निदानातील दक्षता

मज्जाविकारतज्ज्ञाची तपासणी व एमआरआय हा निदानाचा मुख्य आधार होय. गरजेनुसार पाठीच्या मणक्यातील पाणीही तपासले जाते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या विकारांची लक्षणे काहीशी अशीच असतात. यांपैकी शेवटच्या विकारात मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे अपायकारक ठरतात. म्हणून उपचारांची घाई करण्यापूर्वी निदान पक्के करणे हिताचे असते.

आपोआप पडणारा उतार

बहुसंख्य रुग्णांत प्रारंभी रोग अधूनमधून उचल खातो व मग काही आठवड्यांत ओसरतो. फसगत होते ती येथेच. त्या काळात घेतलेला कोणताही काढा, मालिश किंवा अंगारा गुणकारी वाटतो. प्रत्यक्षात उतार आपोआप पडलेला असतो. 2009 मध्ये इटलीतून मानेच्या शिरा फुगवून रुंद करण्याच्या उपचाराचा गाजावाजा झाला आणि अनेक देशांतील रुग्णांनी तो करून घेतला. पुढे तुलनात्मक चाचण्यांत त्याचा लाभ दिसून आला नाही. एखाद्या रुग्णाला गुण आला एवढ्यावरून उपचाराची पारख होत नाही; तो न घेतलेल्या रुग्णांशी तुलना करावी लागते.

उपचारांचे तीन भाग

रोगाने उचल खाल्ल्यास तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. त्यामुळे उतार लवकर पडतो; रोगाची पुढील वाटचाल मात्र त्याने बदलत नाही. ती मंदावण्यासाठी वेगळी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. व्यायामोपचार तसेच थकवा, आखडलेले स्नायू व लघवीच्या तक्रारींवरील उपचार हा तिसरा भाग असून तोही तितकाच आवश्यक आहे. कडक ऊन, गरम पाण्याची आंघोळ किंवा ताप यांमुळे जुनी लक्षणे तात्पुरती वाढतात. ती प्रत्येक वेळी रोगाची नवी उचल नसते.

निवड कशी करावी

वडगावच्या बाजारात जनावर घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो आणि वैरणीचा खर्च झेपेल का, याचाही हिशेब करतो. औषधाची निवडही अशीच सर्व बाजूंनी करावी लागते.

पहिला प्रश्न परिणामाचा. 1993 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इंटरफेरॉन बीटा इंजेक्शनांनी रोगाच्या उचली सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्यांमध्ये उचलींचे प्रमाण इंटरफेरॉन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी होते.

दुसरा प्रश्न धोक्याचा. प्रभावी औषधांनी संसर्गाची शक्यता वाढते. म्हणून आरंभी क्षयरोग व कावीळ-ब यांची तपासणी आणि आवश्यक लसीकरण करून घ्यावे. हा विकार मातृत्वाच्या आड येत नाही. परंतु काही औषधे गर्भास घातक असल्याने अपत्याचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा.

तिसरा प्रश्न सातत्याचा. खर्च व प्रवास न झेपल्याने मध्येच सोडलेले औषध संरक्षण देत नाही, आणि काही औषधे एकाएकी थांबवल्यास रोग जोराने उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये ग्लाटिरामर, क्लॅड्रिबिन व रिटुक्सिमॅब ही औषधे या विकारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. यांपैकी रिटुक्सिमॅब काही महिन्यांच्या अंतराने देतात. त्यामुळे दूरच्या रुग्णाच्या फेऱ्या वाचतात.

साहाय्याचे मार्ग

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्याचे प्रमाणित झाल्यास विविध सवलतींसाठी अर्ज करता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आपल्याला कोणते उपचार मिळू शकतील, याची विचारणा योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी. 1985 मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्य करते.

चेतातंतूंची झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. म्हणूनच लक्षणे ओसरली तरी त्यांची तारीखवार नोंद ठेवावी, जुने कागद जपावेत आणि ते घेऊन मज्जाविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. पाय पुन्हा चालू लागला, एवढ्यावरून रोग गेला असे समजू नये; योग्य उपचार सुरू करण्याची सर्वांत चांगली वेळ तीच असते.