शब्दबोध : ‘गॅरंटी’ देणे म्हणजे नेमके काय?

‘यंदा पावसाची गॅरंटी नाही,’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. येथे गॅरंटी म्हणजे केवळ खात्री. इंग्रजीत मात्र हा शब्द नाम आहे तसा क्रियापदही आहे, आणि त्या क्रियापदाचा भार बोलीतील खात्रीपेक्षा पुष्कळच अधिक आहे.

शब्दाचे मूळ जर्मानिक भाषाकुळातले. ‘दुसऱ्यासाठी जबाबदारी पत्करणारा’ अशा अर्थाने तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला. अशा शब्दांतील आद्य ‘व’चा फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला, तर उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन बोलीत ‘व’ टिकून राहिला. त्यामुळे ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ ही एकाच मुळाची दोन रूपे इंग्रजीत दाखल झाली. ‘वॉर्ड’ आणि ‘गार्ड’ ही जोडीही तशीच. मराठीतील ‘जामीन’ हा अरबी मुळाचा शब्दही प्रथम जबाबदारी घेणाऱ्या माणसाचाच वाचक होता. कागद नंतर आला.

वापराबाबत एक सूचना. क्रियापद म्हणून हा शब्द थेट कर्म घेतो : ‘ही गॅरंटीड द लोन’. मध्ये ‘फॉर’ घालण्याची आपल्याकडील सवय चुकीची आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ नुसार, तिसऱ्या व्यक्तीने कसूर केल्यास तिचे वचन पाळण्याचा अथवा तिचे दायित्व फेडण्याचा करार म्हणजे हमीचा करार. यात ऋणको, धनको आणि जामीनदार असे तीन पक्ष असतात. कलम १२८ प्रमाणे, करारात अन्यथा तरतूद नसेल तर, जामीनदाराचे दायित्व ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. ‘केवळ सही केली होती’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. ऋणको नियमित हप्ते भरतो तोवर जामीनदाराची आठवणही कोणाला होत नाही. कसूर घडते तेव्हाच त्या क्रियापदाला अर्थ येतो.

हेच क्रियापद राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ मध्ये आले आहे. मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क तेथे ‘गॅरंटीड’ आहे. शासनाने कसूर केल्यास नागरिकाने कोणाकडे जावे, याचे हे उत्तर. न्यायालय येथे जणू जामीनदाराच्या जागी उभे आहे.

या हमीची कसोटी जबलपूरच्या एका प्रकरणात लागली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि अनुच्छेद १४, २१ व २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्यांचे अर्ज ऐकता येतात, अशी भूमिका जबलपूर येथील मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने व इतरही काही उच्च न्यायालयांनी घेतली. त्याविरुद्धची अपिले ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात चालली. पोलिसाने वैरभावाने एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत नाही, अशा आशयाचे उत्तर ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने शासनाची बाजू मान्य झाली. विरोधी मत एकट्या खन्नांचे होते. ज्या घडीसाठी हमी असते त्याच घडीला ती नाकारली गेली, असेच या निकालाबद्दल म्हणावे लागेल.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. बहुमताचा निर्णय मात्र नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात रद्दबातल ठरवला. त्यात चौघांच्या वतीने निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतात सामील असलेल्या न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र.